खुर्चीवरच्या माणसाला विचारायचं राहिलं

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात बरीच वर्षं मी एक गोष्ट पक्की धरून चाललो होतो. बिघाड शोधायचा तर यंत्र तपासावं, यंत्र वापरणाऱ्याला विचारत बसू नये. वापरणारा घाबरलेला असतो, काहीतरी लपवत असतो, नको ते बटण त्यानेच दाबलेलं असतं. त्याचं ऐकायला गेलं तर तास जातो आणि हाती काही लागत नाही. हे मला कुणी शिकवलं की मीच गोळा केलं, ते आज नीट सांगता येणार नाही. ज्या दुकानात मी काम शिकलो तिथे सगळेच असं बोलायचे. 'युजरने काहीतरी केलं असणार' हे वाक्य कॅबिनेटचा स्क्रू ढिला होण्याआधीच आमच्या तोंडी यायचं.

पुढे जालन्यात स्वतःचं काम सुरू केलं, कार्यालयांची देखभालीची कामं मिळू लागली, आणि त्या 'युजर'ला चेहरा आला. तो बहुतेक वेळा एखाद्या कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरचा असायचा, आणि त्यातही बहुतेक वेळा एखाद्या बाईचा. त्यामुळे माझा समज सैल व्हायला हवा होता. तो अधिकच घट्ट झाला. तो समज कसा तुटला ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आणि दर वेळी टाळत होतो. कारण ते लिहायचं म्हणजे मी माणसांशी कसा वागत होतो, तेही लिहावं लागणार होतं.

आधी कामाचं स्वरूप सांगतो. जालन्याचं नाव बाहेर गेलं ते बियाण्यांमुळे आणि लोखंडी सळ्यांमुळे. माझं काम मात्र परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन अशा तालुक्याच्या गावांतल्या कार्यालयांत चालतं. तिथले संगणक जुने आहेत. जुने का, असं पुण्या-मुंबईचा माणूस विचारतो. एक संगणक बाद करायचा तर डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद शोधावी लागते, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, तो वर जातो, मंजूर होऊन खाली येतो. तोवर तो टेबलावरच राहतो, आणि टेबलावर आहे तोवर त्याच्यावर काम होतच राहतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या तारखा जगासाठी होत्या. आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच यंत्रं चालू झाली.

अशा यंत्रांवरचं सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे जुना अँटिव्हायरस काढणं. दर वर्षी-दोन वर्षांनी पुरवठादार बदलतो आणि प्रत्येक जण आपला अँटिव्हायरस टाकून जातो. त्याचा परवाना संपतो, पण तो जागा सोडत नाही. ज्याने टाकला त्याने काढण्यासाठी पासवर्ड घालून ठेवलेला असतो आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. नवा टाकायला जावं तर नवा म्हणतो, आधी जुना काढा. दोन्ही एकत्र राहिले तर एकच फाइल दोघेही तपासतात आणि यंत्र रांगायला लागतं. कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी काम अर्धंच होतं, कारण अँटिव्हायरस विंडोजच्या खूप आत, फाइलींची ये-जा होते त्या थरापर्यंत आपले ड्रायव्हर रोवून बसलेला असतो. हराळी वरून खुरपली तरी जमिनीत काशा राहतात, तसं हे प्रकरण आहे. म्हणून बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपलंच उत्पादन उपटून काढणारं वेगळं टूल देतात. आमच्या बोलण्यात ते 'रिमूव्हल टूल'.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये अशी टूल्स भरलेली असायची, आणि त्या पेन ड्राइव्हचा मला अभिमान होता. त्यात मायक्रोसॉफ्टचं 'इन्स्टॉलर क्लीनअप' नावाचं जुनं साधनही होतं. हट्टी सॉफ्टवेअरची नोंद ते झटक्यात पुसायचं. मायक्रोसॉफ्टने ते २०१० सालीच मागे घेतलं होतं, कारण नको असलेलं काढता काढता ते कधीकधी चांगल्या चाललेल्या दुसऱ्या प्रोग्रामचे भागही खिळखिळे करायचं. हे माहीत असूनही मी ते वापरत राहिलो. डिस्कवर जागा नसली की विंडोजमधलं 'इन्स्टॉलर' नावाचं लपवलेलं फोल्डरही मी साफ करायचो. त्यातल्या फाइली गेल्या की पुढे तोच प्रोग्राम धड काढता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही, कारण काढण्याच्या सूचनाच त्या फाइलींत असतात. पण ते पुढच्या माणसाचं दुखणं होतं. माझ्यासमोर यंत्र हलकं झालेलं दिसायचं आणि सही मिळायची. कुठे काय बिघडलं तर मनात उत्तर तयार असायचं: युजरने काहीतरी केलं असणार.

आता माझा समज जिथे तुटू लागला ते कार्यालय. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तालुक्याचं गाव, लांबट खोली, खिडकीला हिरवं कापड, चार जुने संगणक. काम हेच, जुना अँटिव्हायरस काढून नवा टाकायचा. रिमूव्हल टूलचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ते वरवरच्या फाइली काढायचं आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचं. यंत्र चालू झालं की दुसरा टप्पा आपोआप सुरू व्हायचा. त्यात ते कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून उरलेल्या ड्रायव्हरांची यादी मागवायचं आणि ते काढायचं.

एका यंत्रावर टूल सुरळीत चाललं. बाकीच्यांवर पहिला टप्पा व्हायचा आणि दुसऱ्यात ते थांबायचं. स्क्रीनवर एवढंच यायचं, की काम पूर्ण होऊ शकलं नाही. कारण काही नाही. मी टूल पुन्हा उतरवून घेतलं. सेफ मोडमध्ये जाऊन पाहिलं. रजिस्ट्रीतल्या नोंदी हाताने पुसल्या. इंटरनेटची वायर बदलली. टूल आपल्या कामाची नोंद एका फाइलीत ठेवतं, आम्ही तिला लॉग म्हणतो. ते फोल्डर उघडून सगळ्यात ताजी लॉग फाइल वाचली. तिच्यात पहिला टप्पा व्यवस्थित पार पडल्याचं लिहिलं होतं आणि पुढे काहीच नव्हतं. दुसरा टप्पा जणू सुरूच झाला नव्हता. मग मी आणखी एका दिवशी गेलो, आणि तेच झालं.

त्या खोलीत एक ऑपरेटर ताई बसायच्या. कंत्राटी, जवळच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणाऱ्या. मी यंत्राशी झटत असताना त्या शेजारच्या स्टुलावर बसून जावक रजिस्टर लिहायच्या, कारण त्यांची खुर्ची माझ्याकडे असायची. मी त्यांना एकदाच काहीतरी विचारलं होतं, आणि तेही विचारणं नव्हतं. 'मॅडम, यात काही टाकलं होतं का तुम्ही? पेन ड्राइव्ह वगैरे?' असं मी म्हणालो. त्या 'नाही सर' म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

त्या दिवशीही पहिला टप्पा झाला. टूलने पुन्हा चालू करायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे विंडोज बंद केलं आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद केलं. माझी ती सवय होती. जुन्या यंत्राला नुसतं रीस्टार्ट देऊन भागत नाही, करंट पुरता तुटला पाहिजे, असं आम्ही शिकलो होतो. मिनिटभर थांबून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एफ-१ दाबा अशी ओळ आली. जुन्या यंत्रांवर ती येतेच, मी न वाचता दाबलं. विंडोज चालू झालं.

तेव्हा ताई रजिस्टरमधून मान न काढता म्हणाल्या, 'सर, बोर्डाचं बटन बंद केलं की याची तारीख मागं जातीय.'

मी म्हणालो, 'तारखेचा याच्याशी काही संबंध नाही मॅडम.'

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मी एक क्षणही विचार केला नव्हता. त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलंच नव्हतं, फक्त सांगणारं कोण आहे ते ऐकलं होतं. त्या गप्प बसल्या आणि पुढच्या ओळीचा जावक क्रमांक टाकू लागल्या.

टूल पुन्हा थांबलं. मी रिकाम्या डोक्याने पडद्याकडे बघत होतो. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळात बारा वाजून काही मिनिटं झाली होती, आणि दुपारचे बारा वाजून गेलेलेच होते. त्या यंत्रावर कुणीतरी खालची पट्टी बारीक करून ठेवली होती, त्यामुळे नुसती वेळ दिसायची, तारीख नाही. का कुणास ठाऊक, मी घड्याळावर बाण नेला.

१ जानेवारी २००९.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिला सीमॉस बॅटरी म्हणतात. सीआर २०३२ तिचं नाव, तीन व्होल्टची, बाजारात पन्नासेक रुपयांना मिळते. भिंतीवरची वीज तुटली तरी यंत्राचं घड्याळ या बॅटरीवर चालत राहतं. ती संपली, की वीज जाताच यंत्र तारीख विसरतं आणि बोर्ड बनवणाऱ्याने घालून दिलेल्या एका ठरावीक तारखेवर परत जातं, रात्रीच्या बाराच्या ठोक्यावर. म्हणूनच घड्याळात बारा दिसत होते, आणि मी ते दुपारचे समजलो होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे या धंद्याचं पहिल्या महिन्यातलं ज्ञान आहे. आणि तारीख २००९ असली की सुरक्षित जोडणी का होत नाही, हेही मला माहीत होतं. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. यंत्राच्या लेखी आज २००९ असेल तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. यंत्र ते नाकारतं. टूल थांबतं.

मी लॉगचं फोल्डर पुन्हा उघडलं. फाइली तारखेच्या क्रमाने लावलेल्या होत्या, ताजी सगळ्यात वर. या वेळी मी खाली, अगदी तळाशी गेलो. तिथे त्या होत्या. १ जानेवारी २००९ या तारखेच्या लॉग फाइली, एकीखाली एक. दुसऱ्या टप्प्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद टूलने इमानाने ठेवली होती, आणि प्रत्येकीत कारण लिहिलेलं होतं: प्रमाणपत्राची तारीख ग्राह्य नाही. मी दर वेळी वरची फाइल वाचत होतो. आणि जे यंत्र सुरळीत झालं होतं, त्यावर त्या दिवशी घाईत मी भिंतीचं बटण बंद केलं नव्हतं, नुसतं रीस्टार्ट दिलं होतं. बॅटरी त्याचीही गेलेली होती, ते नंतर कळलं. म्हणजे टूलमध्ये दोष नव्हता आणि ताईंनीही काही केलेलं नव्हतं. दर वेळी तारीख मागे नेत होतो तो मी.

मी खुर्चीतून उठलो. माझ्या तोंडून निघालं, 'ताई, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?'

त्या म्हणाल्या, 'लई दिवस झाले सर. गावात लाइट गेली, की दुसऱ्या दिवशी तारीख मागं. एकदा दाखल्यावर जुनी तारीख छापून गेली. म्हातारं माणूस होतं. बँकेनं परत लावून दिलं, त्यांना पुन्हा एसटीनं यावं लागलं. तेव्हापासून मी आल्या आल्या आधी तारीख टाकते.'

मग त्यांनी मॉनिटरच्या चौकटीकडे बोट केलं. डाव्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली एक चिठ्ठी होती, पिवळी पडलेली, टेपच्या कडा धुळीने काळ्या झालेल्या. निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: 'आधी एफ-१. मग तारीख टाकणे. मग काम.' त्या रजेवर गेल्या की दुसरं कुणी बसेल, त्याच्यासाठी. प्रत्येक खेपेला ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. मी तिच्याकडे बघितलं होतं, वाचली कधीच नव्हती.

मी विचारलं, 'मग मला आधी का नाही सांगितलं?'

त्या म्हणाल्या, 'मागच्या बारीला सांगितलं होतं की तुम्हाला.'

मला आठवेना. आजही आठवत नाही. या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्यांचं म्हणणं ऐकून मी ते चुकीचं ठरवलं असतं, तरी निदान ते कानावर पडलं होतं असं झालं असतं. त्यांचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. एक माणूस मला उत्तर देत होता आणि मी त्याला खोलीतल्या कपाटात जमा केलं होतं.

बॅटऱ्या बदलल्या, तारखा लावल्या, टूल सगळ्या यंत्रांवर चाललं. कामाचा कागद भरताना 'बिघाडाचं कारण' या रकान्यात मी लिहिलं: सीमॉस बॅटरी संपलेली. कार्यालयाच्या साहेबांनी सही केली आणि म्हणाले, 'शेवटी शोधलंच तुम्ही.' मी 'हो सर' म्हणालो. ताई तिथेच होत्या. मी त्यांचं नाव घेतलं नाही. एवढं सगळं कळल्यावरही घेतलं नाही. मन एका दुपारीत बदलतं असं लोक सांगतात. माझं बदललं नाही. त्या दुपारी त्याला फक्त तडा गेला, आणि त्या तड्यातून आत पाहायला मला पुढे बराच काळ लागला.

आत काय दिसलं तेही सांगतो. मी स्वतःला विचारलं, हेच वाक्य साहेब म्हणाले असते तर? 'अहो, बटण बंद केलं की तारीख मागे जाते' असं त्यांनी म्हटलं असतं तर मी लगेच घड्याळ पाहिलं असतं, बॅटरी काढून पाहिली असती, वर 'बरोबर पकडलंत सर' असंही म्हणालो असतो. दुकानातल्या माझ्या जोडीदाराने म्हटलं असतं तरी पाहिलं असतं. म्हणजे 'वापरणाऱ्याचं ऐकू नये' हा माझा धंद्यातला नियम नव्हताच. कंत्राटी बाईचं, खेड्यातल्या बोलीत बोलणाऱ्या बाईचं ऐकू नये, हा माझा नियम होता आणि मी त्याला तांत्रिक शिस्तीचं नाव दिलं होतं. माझी स्वतःची आई 'जातीय, येतीय' असंच बोलते.

पुढे मी खुर्चीवरच्या माणसाला विचारू लागलो. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, कारण मला विचारायची सवय नव्हती आणि वापरणाऱ्यांना सांगायची राहिली नव्हती. 'काही नाही सर, तुम्हीच बघा' असं उत्तर यायचं. मग थांबायचं, गप्प बसायचं, पुन्हा विचारायचं. एका ठिकाणी मी नको असलेल्या सॉफ्टवेअरची यादी करत होतो. त्यात मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम होता, कित्येक वर्षांत अपडेट न झालेला. सरळ काढण्याजोगा. तिथल्या बाई म्हणाल्या, तो काढला तर आधीची सगळी पत्रं गिचमिड दिसतील, ती त्याच्याच फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. आणि मागच्या बाजूला प्रिंटरच्या खाचेत खोचलेला तो ठोकळा काढू नका, त्याच्याशिवाय तो उघडत नाही. ते हार्डवेअर लॉक होतं. धुळीने इतकं माखलेलं की मी त्याला बिनकामाचं कनेक्टर समजलो होतो. आधीचा मी असतो तर दोन्ही काढून, यंत्र हलकं झालं म्हणून सही घेऊन गेलो असतो. असं मी पूर्वी किती टेबलांवर केलं असेल, त्याचा हिशेब आता लागणं शक्य नाही. त्याची भरपाईही शक्य नाही.

हे फक्त माझ्यापुरतं नाही, हेही तेव्हा उमगलं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफी या मोठ्या कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवून अडकवली. जगभरातल्या कार्यालयांतले, इस्पितळांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून चालू होत राहिले. काढून टाकणाऱ्या साधनाला नको काय आणि हवं काय यातला फरक यादीवरून कळतो, आणि यादी दूर कुठेतरी तयार झालेली असते. या टेबलावर, या खोलीत काय हवं आहे ते यादीत नसतं. ते खुर्चीवर बसणाऱ्याला ठाऊक असतं.

आणि आपल्याकडे या धंद्यातलं एक मोठं काम तर ऐकण्यातूनच उभं राहिलेलं आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले. पुण्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात लोक व्हायरसने बंद पडलेले संगणक तिथे घेऊन यायचे. ते व्हायरस काढण्यासाठी त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. समोरचा ग्राहक काय तक्रार सांगतो आहे, तिथून ते काम सुरू झालं. मी त्याच धंद्यातला, त्याच पायरीवरचा माणूस. माझ्या हातात इतरांनी केलेली साधनं होती, तक्रार ऐकून घेण्याची रीत मात्र मी उचलली नव्हती.

वापरणारा नेहमी बरोबर असतो असं मी म्हणत नाही. लग्नाच्या फोटोंचे पेन ड्राइव्ह कार्यालयात फिरतात आणि त्यातून व्हायरस येतात, हे खरं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं, तेव्हा अपडेट न घेतलेली यंत्रं किती उघडी असतात ते जगाने पाहिलं. मायक्रोसॉफ्टला आधार संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती काढावी लागली. जुनी यंत्रं बदललीच पाहिजेत. निर्लेखनाचे प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहता कामा नयेत. पण ती बदलेपर्यंत जी माणसं ती चालवतात, त्यांनी त्या यंत्रांची प्रत्येक खोड ओळखून त्यावर उपाय शोधलेले असतात, आणि त्या उपायांमुळेच दाखले वेळेवर निघतात. हे काम कुणाच्या कामाच्या यादीत नाही. त्याचा पगार मिळत नाही.

आता माझ्या कामाच्या कागदावर मी एक रकाना वाढवला आहे: 'वापरणाऱ्याचं म्हणणं'. तो भरल्याशिवाय पेन ड्राइव्ह लावत नाही. इन्स्टॉलर क्लीनअप त्यातून काढून टाकलं आहे. जुन्या यंत्रावर काहीही काढण्याआधी तारीख बघतो. त्या कार्यालयात पुन्हा गेलो तेव्हा ताईंच्या देखत साहेबांना सांगितलं, की बॅटरीचा दोष मी शोधला नव्हता, ताईंनी शोधला होता. साहेब 'असं का' म्हणाले आणि फाइलीत गेले. ताई हसल्या आणि म्हणाल्या, 'आता तारीख टाकावी लागत नाही सर.' उशिरा दिलेल्या श्रेयाचं वजन तेवढंच असतं. ते कमी आहे, पण द्यायचं होतं.

माझ्या धंद्यातल्या मित्रांना एवढंच सांगेन, की टूल चालवण्याआधी खुर्चीवरच्या माणसाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुम्ही जर अशा एखाद्या जुन्या संगणकावर रोज बसत असाल, तर माझ्यासारखा माणूस आल्यावर गप्प बसू नका. एकदा सांगून त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगा. तरी ऐकलं नाही, तर त्याच्या कामाच्या कागदावर सही करण्याआधी तुमचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहा. ते लिहिण्याचा हक्क तुमचा आहे, आणि बहुतेक वेळा बिघाडाचं खरं कारणही तेच असेल.